यमूच्या नावाने चाललेली पावलं

“डिप्रेशन आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मॉडरेट टु सिव्हिअर.” मग त्यांनी तमिळमध्ये उलगडून सांगितलं: मन खचत जाण्याचा आजार, मध्यम पायरी ओलांडून तीव्रतेकडे निघालेला. समोरच्या खुर्चीत माझी मुलगी यमुना बसली होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टेबलावरच्या काचेखाली औषध कंपनीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर तिची नजर होती.

मी विचारलं, हा परीक्षेचा ताण तर नाही ना?

“ताण सुट्टी लागली की उतरतो,” डॉक्टर म्हणाल्या. “ही सुट्टीत आणखी खाली गेली आहे.”

यमू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज तंजावूरपासून बसने जाण्याच्या अंतरावर असलं, तरी ती हॉस्टेलला राहत होती. मी तिरुच्चीतल्या एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर काम करते. माझी पाळी दुपारी सुरू होते आणि मी घरी येते तेव्हा घर झोपलेलं असतं. नवरा मदुरैला नोकरीला, तो शनिवारी येतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे मराठी; तिथल्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरी त्याची थोरली बहीण, कमलाअक्का, राहतात. सरकारी शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. यमूला त्यांनीच वाढवलं, असं म्हटलं तरी चालेल.

हल्ली कॉलेजं विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी व्यायामाची ॲप देतात. यमूलाही एक दिलं गेलं. ज्यांच्या घरी असं ॲप येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ॲप वाईट होतं असं माझं म्हणणं नाही.

आजाराची सुरुवात पोटदुखीने झाली. मेसमध्ये ती जेवेनाशी झाली, म्हणून आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सोनोग्राफी, सगळं झालं. सगळे रिपोर्ट चांगले आले. प्रत्येक रिपोर्टनंतर यमूचा चेहरा जास्त उतरे. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. डॉक्टरांनी पुढे सांगितला: दुखण्याला नाव मिळावं, असं रोग्याला वाटत असतं.

मग हॉस्टेलच्या वॉर्डनचा फोन आला. यमू वर्गात जात नव्हती, खोलीत पडून होती. आम्ही तिला घरी आणलं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपे. केस विंचरून घेत नसे. आत्याने वेणी घालायला बोलावलं तर म्हणे, “नको, डोकं जड आहे.” त्याखेरीज तिची तक्रार नव्हती. तिची कुणाविषयीच तक्रार नव्हती, आणि डॉक्टरांना तेच काळजीचं वाटलं.

उपचार तीन बाजूंनी ठरले. पहिली एसएसआरआय गटातली गोळी. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ते पेशींमध्ये परत लवकर शोषलं जाऊ नये, असं ही गोळी पाहते. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, तशी यमूलाही झाली. दुसरी बाजू समुपदेशकाशी बोलणं. तिसरी बिहेवियरल ॲक्टिव्हेशन: मन बरं झाल्यावर उठू म्हणून थांबायचं नाही. आधी थोडं उठायचं, मन मागून येतं.

तिसऱ्या बाजूसाठी डॉक्टरांनी कॉलेजचंच ॲप वापरायला सांगितलं. कॉलेजच्या समुपदेशन कक्षाने ते सगळ्या मुलांना दिलं होतं. सकाळी फोन खिशात ठेवून चालायचं किंवा ॲप दाखवेल तो हलका व्यायाम करायचा. शेवटी ते विचारतं, “आता कसं वाटतंय?” पडद्यावर रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे येतात, त्यातला एक दाबायचा. चालणं पुरेसं झालं की त्या दिवसाची पट्टी हिरवी होते. नाहीतर ती राखाडी राहते. राखाडी दिवस सलग आले की जवळच्या एका माणसाला संदेश जातो. यमूने माझा नंबर दिला होता. या पट्ट्यांचा आलेख डॉक्टरांना दिसे, मलाही दिसे.

त्यात वर्गाची क्रमवारीही होती. कोण जास्त चाललं, ते सगळ्या वर्गाला दिसे. यमूचं नाव तळाशी होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती क्रमवारी बंद करायला लावली.

“आजाऱ्याला शर्यतीत उभं करायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “आणि हे ॲप औषध नाही. उठायला एक निमित्त आहे, तेवढंच.”

पहिल्या काही दिवसांत पट्ट्या राखाडी होत्या. मला संदेशही आला. डेस्कवर बातमी कापत असताना फोन थरथरला आणि पडद्यावर वाक्य आलं: तुमच्या प्रिय व्यक्तीला आज तुमची गरज असू शकते. मी घरी फोन केला. यमू म्हणाली, “उद्या चालेन अम्मा.”

दुसऱ्या दिवशी पट्टी हिरवी झाली. तिसऱ्या दिवशीही. चेहरा हसरा. पुढचे आठवडे सगळे हिरवे, सगळे हसरे.

मी सकाळी झोपलेली असे. उठल्यावर चहा घेता घेता आलेख बघे. नवऱ्याला मदुरैला पाठवे, तो अंगठा उंचावल्याचं चित्र परत पाठवी. यमू जेवणाला कमी बोले, पण आलेख पाहिल्यावर मला तेही बरं वाटे. चालणं आणि चेहरा ही दोन साक्षीदारांची साक्ष आहे, अशी माझी समजूत होती. दोन्ही एकाच फोनमधून येत होती, हे ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांनीही आलेख पाहिला. भेटींमधलं अंतर वाढवलं. सत्र सुरू होण्याआधीच्या भेटीत हॉस्टेलला परत जाण्याचं ठरवू, असं म्हणाल्या. यमूने बॅग भरली. कमलाअक्कांनी पुळियोदरैचा, म्हणजे चिंचभाताचा, मसाला आणि लिंबाचं लोणचं बांधून ठेवलं.

त्या भेटीला अक्का आमच्याबरोबर आल्या. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर निळ्या खुर्च्यांच्या रांगा आहेत. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद असतो. तिथे येणारी कॉलेजची मुलं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घालतात. दोरी तेवढी बाहेर लोंबते. यमूनेही तसंच केलं. अक्का शेजारच्या बाईला देवळातल्या प्रसादाची पुडी देत होत्या, विभूती लाव म्हणून सांगत होत्या.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी संगणकावर आलेख उघडला आणि त्या हसल्या.

“मागच्या भेटीपासून एक दिवससुद्धा चुकला नाही, यमुना! माझ्या सगळ्या मुलांत तू पहिली. रोज कुठे चालतेस, मा?”

यमू काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहू लागली.

“देवळात,” अक्का म्हणाल्या. “मोठ्या देवळात. पहाटे ऊन नसतं.”

“छान. तुम्हीही जाता का हिच्याबरोबर?”

“ती कशास येते? तिज उठवत नाही, पावम, बिचारी. मी जातें. तिचा फोन कमरेस खोवून घेतें आणि प्रदक्षिणा घालतें.”

डॉक्टरांचं बोट माऊसवर थांबलं. “फोन तुम्ही नेता?”

“होय तर. तिच्या नावानं चालायचं तर तिचाच फोन नको?” अक्कांना प्रश्नच कळला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. “वत्सला, तू सांगितलं नाहीस कां गे ह्यांस?”

मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणाले.

“आणि हा चेहरा? हसरा? तो कोण दाबतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मीच. देवासमोर उभं राहून रडकं तोंड दाबूं कां? अशुभ नव्हे?”

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा बाजूला वळवला आणि आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी. घरात कुणी आजारी पडलं आणि त्याला उठवत नसलं, की जवळचं माणूस त्याच्या नावाने देवळात प्रदक्षिणा घालतं. संकल्पात आजाऱ्याचं नाव घ्यायचं. पाय आपले, फळ त्याचं. माझ्या नवऱ्याला लहानपणी कावीळ झाली तेव्हा अक्कांनीच त्याच्यासाठी अशा प्रदक्षिणा घातल्या होत्या, आणि तो बरा झाला. आमच्या गल्लीत कुणीही याला फसवणूक म्हणणार नाही. त्याला माया म्हणतात.

यमूचा फोन सकाळी उशाशी वाजत राही. अक्कांनी विचारलं, हे काय म्हणतं? यमू म्हणाली, चाल म्हणतं, नाही चाललं तर अम्माला संदेश जातो, ती ऑफिसमध्ये घाबरते. अक्का म्हणाल्या, “एवढंच नव्हे कां? दे इकडे. तू नीज.” ॲपमध्ये नकाशा नव्हता. ते फक्त फोनच्या हालण्यावरून चालणं मोजत होतं. पाय कोणाचे, हे ओळखण्याची सोय त्यात नव्हती.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा आवाज आधीसारखाच होता. यमूचं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं.

“सुइसायडल आयडिएशन आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे जगू नये असे विचार. आधीपासून आहेत, गेल्या काही दिवसांत वाढलेत. हॉस्टेलला गेल्यावर काय करायचं, हेही तिच्या मनात येऊन गेलंय. तिने आज सांगितलं, हे फार चांगलं झालं. आजच ॲडमिट करू.”

मी विचारलं, घरी नेऊन लक्ष ठेवलं तर?

“ठेवाल. पण आज नाही. आज ती इथे सुरक्षित राहील.”

भरलेली बॅग गाडीतच होती. तीच वॉर्डात नेली. लोणचं परत पाठवलं.

मानसोपचाराच्या वॉर्डविषयी लोकांच्या मनात जी चित्रं असतात, तसं तिथे काही नव्हतं. खिडक्यांना जाळी होती. रोग्याचा फोन, ओढणी आणि औषधं नर्सच्या खोलीत ठेवत. सोबतीला घरच्या एका बाईला राहता येई. मी रजा घेतली. नर्स ठरावीक वेळी फेरी मारत आणि प्रत्येक फेरीला यमूला सरळ विचारत, “आज मरावंसं वाटलं का?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून उभी राहिले. अशा प्रश्नाने विचार डोक्यात घातला जातो, असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनी समजावलं: विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. तो आधीच असतो, विचारल्याने त्याला बाहेर यायला वाट मिळते. तुम्हीही विचारा. हे वाचणाऱ्यांनाही मी तेच सांगेन. हाच प्रश्न, याच शब्दांत, सरळ.

पहिल्यांदा मी फार हळू विचारलं. यमू म्हणाली, “अम्मा, परत विचार. ऐकू नाही आलं.” मी परत विचारलं. ती म्हणाली, “हो. सकाळी.” मग आम्ही दोघींनी इडली खाल्ली.

औषधाची मात्रा बदलली. वॉर्डात ॲप नव्हतं. सकाळी नर्स मुलींना आवारात नेई. पहिले दिवस यमू पायरीवर बसून राहिली, नंतर कडुनिंबापर्यंत गेली, नंतर त्याच्या पलीकडे. याची नोंद कुठल्याही पडद्यावर झाली नाही.

अक्का रोज डबा घेऊन येत. पहिले दोन-तीन दिवस त्या तो ठेवून लगेच निघून जात. मग डॉक्टर फेरीवर आल्या असताना त्यांनी विचारलं, “माझ्या प्रदक्षिणा वायां गेल्या कां?”

डॉक्टर स्वतःच्याच वयाच्या बाईशी बोलावं तशा बोलल्या. “अम्मा, मीही मुलाच्या परीक्षेला नारळ फोडते. तुमच्या प्रदक्षिणा देवापाशी पोचल्या असतील, त्यात मी पडत नाही. पण फोन मला जी बातमी देत होता, ती तुमची तब्येत सांगत होती. तुमची तब्येत उत्तम आहे. गुडघे तर माझ्यापेक्षा बरे.”

यमू हसली. किती दिवसांनी हसली, ते मी मोजलं नाही. अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

“मग मी काय करूं?” त्यांनी विचारलं.

“प्रदक्षिणा घाला. फोन घरी ठेवा. आणि संध्याकाळी हिला बरोबर घेऊन कुठेही चाला. ही थांबली की तुम्हीही थांबा. पुढे ओढू नका.”

अक्कांना न ओढता चालणं जमायला वेळ लागला. आयुष्यभर त्यांनी वर्ग पुढे नेला होता. घरी परतल्यावर दोघी संध्याकाळी निघत. काही दिवस उंबऱ्यापर्यंतच जाणं होई. यमू चप्पल घाले, काढे, आत येई. अक्का बाहेर उभ्या राहून शेजारणीला सांगत, “आज एवढंच. उद्यां बघूं.” पुढे दोघी कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत जाऊ लागल्या. वाटेत अक्का अखंड बोलत. यमू मला म्हणाली, “आत्या श्वास कधी घेते?”

ॲप पुन्हा सुरू झालं, पण यमूच्या अटींवर. डॉक्टरांनी तिला विचारलं, आलेख कोणी पाहावा? ती म्हणाली, फक्त तुम्ही. माझा नंबर काढला गेला. त्या रात्री तिच्या बाबांनी मदुरैहून विचारलं, मग आपल्याला कसं कळणार? मी म्हणाले, विचारून. पट्टी राखाडी राहिली, तर डॉक्टर तिला बोलावतात आणि रागवत नाहीत. मध्यंतरी एक आठवडा जवळजवळ सगळा राखाडी गेला. त्याच आठवड्यात तिची झोप सुधारली. डॉक्टर म्हणाल्या, हा आलेख मागच्यापेक्षा खूप चांगला आहे, कारण हा हिचा आहे.

ॲप घ्या. चालण्याने मनाला खरंच आधार मिळतो, यमूलाही मिळाला. पण हिरव्या पट्टीवर विसंबून निजू नका. चालून आलेल्या मुलाच्या पायांना धूळ आहे का, ते पाहा. घरातल्या मोठ्यांना ॲप कशासाठी आहे ते आधीच समजावून सांगा. प्रत्येक घराची माया करण्याची एक रीत असते आणि ॲप बनवणाऱ्यांना ती ठाऊक नसते. मुलाला सतत वाईट वाटत असेल, तो खात-झोपत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगू नये असं तो म्हणाला, तर त्याच दिवशी जा आणि त्याला एकटं सोडू नका.

हे लिहून झाल्यावर मी यमूला वाचून दाखवलं. तिला मराठी समजते, देवनागरी वाचता येत नाही. तिने एकच दुरुस्ती सांगितली. आधीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की तिने आम्हाला खोटं सांगितलं. ती म्हणाली, “मी सांगितलंच नव्हतं काही. कोणी विचारलं नव्हतं ना अम्मा.” मी ते वाक्य काढलं.

गोळी अजून चालू आहे, बहुधा बराच काळ चालू राहील. तिचं एक सत्र बुडालं. या सत्रात ती घरूनच बसने कॉलेजला जाते. तिच्या डॉक्टरांचे, वॉर्डातल्या नर्सचे आणि अक्कांचे आभार मानायचे, तर ते एकाच वाक्यात मानावेत असं मला वाटतं. ती आमच्यात आहे, ती या तिघींमुळे.

मागच्या रविवारी मी घरी होते. यमू अंघोळ करून आली, माझ्या पुढ्यात पाठ करून बसली आणि कंगवा मागे माझ्या हातात दिला. मी विंचरू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अम्मा, आज बरं नाही वाटत.” मी विचारायचं ते विचारलं. ती म्हणाली, “नाही. तसं नाही. नुसतं बरं नाही.” मग ती सांगत राहिली, वर्गातलं, बसमधलं, डोक्यातलं. घालून झालेली वेणी मी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली, म्हणजे तिला उठावं लागू नये.